महानायकांचे मरण का टिकत नाही?

अमेरिकी कॉमिक्सच्या वाचकांत एक म्हण अनेक वर्षे रूढ होती. कॉमिक्समध्ये कायमचे कुणीच मरत नाही. अपवाद फक्त तिघांचा : बकी, जेसन टॉड आणि अंकल बेन. बकी हा कॅप्टन अमेरिकाचा तरुण साथीदार, जेसन हा बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, तर बेन हे स्पायडरमॅनचे काका. २००५ मध्ये यांतील पहिले दोघे जिवंत होऊन परतले. अंकल बेन मात्र १९६२ पासून मृतच आहेत. दोघे परतले आणि एक परतला नाही, यामागील कारण समजून घेतले की या साहित्यप्रकाराचा स्वभाव उलगडतो.

पात्र कंपनीचे, लेखक पाहुणा

कादंबरीतील नायक लेखकाचा असतो. त्याला मारण्याचा अधिकारही लेखकाचाच. महानायक हा मात्र बहुतेक वेळा प्रकाशन कंपनीच्या मालकीचा असतो. लेखक आणि चित्रकार येतात, काही वर्षे कथा चालवतात आणि जातात. चित्रपट, खेळणी, कपडे अशा अनेक व्यवहारांत गुंतलेले पात्र कायमचे संपवणे कंपनीला परवडत नाही. मात्र त्याच्या मरणाची बातमी चांगलीच खपते. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅन मरण पावला, तेव्हा तो अंक काळ्या वेष्टनात, शोकाच्या काळ्या फितीसह विक्रीला आला आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. वर्ष सरण्यापूर्वीच सुपरमॅन परतला होता. कॅप्टन अमेरिका २००७ मध्ये गेला आणि २००९ मध्ये परतण्याच्या वाटेला लागला.

वाचकांचा कौल

वाचकांच्या दबावाची परंपरा कॉमिक्सहून जुनी आहे. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसे केले. वाचकांनी संतापाची पत्रे धाडली आणि अखेर १९०३ मध्ये होम्सला परत आणावे लागले.

वाचक नेहमी जीवदानच मागतो, असे मात्र नाही. १९८८ मध्ये जेसन टॉडने जगावे की मरावे, हे डीसी कॉमिक्सने वाचकांवर सोपवले. त्यासाठी दोन दूरध्वनी क्रमांक देण्यात आले आणि प्रत्येक मताला पैसे मोजावे लागत. ५,३४३ मते मरणाच्या बाजूने पडली, ५,२७१ जगण्याच्या. अवघ्या ७२ मतांनी एका मुलाचा जीव गेला. वाचकांनी स्वतः ठरवलेले हे मरणही सतरा वर्षांनी रद्द झाले.

चाहत्यांचा खरा प्रभाव पत्रांपेक्षा वेगळ्या वाटेने चालतो. आजचा चाहता उद्याचा लेखक होतो. एक्स-मेनमधील जीन ग्रे १९८० मध्ये मरण पावली. पुढे तिला परत आणताना जी युक्ती वापरली गेली, ती मुळात कर्ट ब्यूसिक यांनी व्यवसायात येण्यापूर्वी, निव्वळ चाहते असताना योजली होती. बालपणी ज्याच्यासाठी डोळे भरून आले, त्याला परत आणण्याची संधी हाती आली की ती सोडणे अवघड असते.

आपल्याकडील उदाहरणे

बेळगावच्या टिळकवाडीहून निघून आंबोली घाट उतरला की सावंतवाडी आणि तिच्याजवळचे आकेरी गाव लागते. तेथे चित्रित झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचा आरंभच २०१६ मध्ये अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाला. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात कथा भूतकाळात गेली आणि माधव अभ्यंकर यांचे अण्णा जिवंतपणी समोर आले. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात ते भूत होऊन वाड्यात वावरू लागले. लोकप्रिय पात्राला परत आणण्याच्या या दोन्ही युक्त्या, काळ मागे फिरवणे आणि मृतात्मा आणणे, अमेरिकी कॉमिक्समध्येही सर्रास आढळतात.

प्रिय वीराचे मरण नाकारण्याची वृत्ती मात्र करमणुकीच्या धंद्याने जन्माला घातलेली नाही. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण अनेकांना ते खरे वाटेना. त्यातूनच भाऊंचा तोतया उभा राहिला. त्याला लोक मिळाले, कोकणातील काही किल्लेही त्याच्या ताब्यात गेले. १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला, तेव्हा पानिपताला पंधरा वर्षे लोटली होती. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर बेतलेले आहे. लोकांची आशा तीच होती. इतिहासात तिची किंमत रक्ताने चुकवावी लागली, कॉमिक्समध्ये तिचा पुढचा अंक निघतो.

टिकणारे मरण

मग अंकल बेन का परतत नाहीत? त्यांच्या मरणाला आपली बेपर्वाई कारणीभूत ठरली, या जाणिवेतूनच स्पायडरमॅन घडला. ते परतले तर स्पायडरमॅनच्या धडपडीला अर्थ उरणार नाही. बॅटमॅनच्या आईवडिलांचेही तसेच. ज्या मरणावर कथा उभी आहे ते टिकते. ज्या मरणाने कथेला केवळ वळण मिळते ते पुसले जाते. आणि प्रत्येक पुसलेल्या मरणाबरोबर पुढच्या मरणाचे वजन घटते. महानायकाने दिलेल्या बलिदानाला वाचक दुःखाऐवजी 'कधी परततो ते पाहू' अशी दाद देऊ लागतो. ही हानी खपाच्या आकड्यांत दिसत नाही.

यावरचा एक जुना तोडगा मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून ली फॉक यांचा 'फँटम' आपल्याकडे वेताळ होऊन आला. आमोण्यात किंवा लोलयेत ज्या वेताळाला देव म्हणून पुजतात, त्याचेच हे नाव. जंगलातील लोक या वेताळाला अमर मानतात, पण वाचकाला खरे ठाऊक असते. १५३६ मध्ये पहिल्या वेताळाने शपथ घेतली. तेव्हापासून बाप मरतो आणि मुलगा तोच मुखवटा चढवतो. कथेतील वेताळ एकविसावा आहे. त्याच्या आधीचे वीस जण खरोखरच मेले आणि कवटीच्या गुहेत पुरले गेले. नायक चालू राहतो आणि मरणही खरे राहते.