दिनविशेष, ८ नोव्हेंबर : बेळगावचा मुलगा, डेट्रॉईटचा खासदार

८ नोव्हेंबर २०२२. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या तेराव्या मतदारसंघातून श्री ठाणेदार प्रतिनिधिगृहावर निवडून आले. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला आणि १९७९ मध्ये रसायनशास्त्र शिकायला तिकडे गेलेला हा मराठी माणूस ६७व्या वर्षी खासदार झाला.

विजयाइतकीच चर्चा झाली ती त्याच्या किमतीची. प्रचारात त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर ओतले होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत फेरीत नऊ उमेदवार होते. मते फुटली आणि जेमतेम २८ टक्क्यांवर ठाणेदारांना तिकीट मिळाले. डेट्रॉईट हे कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेले शहर. १९५५ पासून तिथला निदान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी अमेरिकी काँग्रेसमध्ये असायचाच. तो क्रम या निकालाने तुटला. बाहेरून आलेल्याने कोणाच्या वतीने बोलायचे, हा तिथल्या लोकांचा सवाल रास्तच होता. आपल्याकडच्या कौतुकाच्या बातम्यांत मात्र तो फारसा दिसला नाही.

महाड-पोलादपूरला हा प्रश्न उलट्या बाजूने ठाऊक आहे. इथला माणूस पोटासाठी मुंबईला जातो, आयुष्य तिथे काढतो. पण मतदानाला अनेकजण गाडी करून गावीच येतात. राहत्या वस्तीत आपलाही उमेदवार असावा, हे कित्येकांच्या मनातच येत नाही. ठाणेदारांनी ते मनावर घेतले. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत ते तिसरे आले, २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात पोचले. २०२४ मध्ये डेट्रॉईटने त्यांना पुन्हा खासदार केले.