गदामिसचे पाणी

लिबियाच्या पश्चिम टोकाला, ट्युनिशिया आणि अल्जिरियाच्या सीमेजवळ, गदामिस हे वाळवंटातले गाव. गावाचा जीव ‘ऐन अल-फरस’ या झऱ्यात. अरबीत ऐन म्हणजे डोळा, आणि झराही. आपल्या ‘ऐन वेळी’तला ऐन मूळचा तोच. फरस म्हणजे घोडी. तिच्या टापेखाली पाणी लागले अशी दंतकथा आहे.

मला दंतकथेपेक्षा पाणीवाटप मोठे वाटते. तळाला भोक पाडलेले ‘कादूस’ नावाचे भांडे भरून टांगत. ते किती वेळा रिकामे झाले, त्यावर बागेची पाळी ठरे. कालव्याच्या पाळीवरून भांडणे पाहिलेल्यांना याचे मोल सांगायला नको.

गल्ल्या छताने झाकलेल्या. पुरुष खालून चालत, बायका गच्च्यांवरून घरोघर जात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, इथे बॉम्ब पडले. पुढे सरकारने शेजारी नवे गाव बांधले आणि लोक हळूहळू तिकडे गेले. १९८६ मध्ये जुने गदामिस युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, २०१६ मध्ये धोक्यातील वारशांत गेले, २०२५ मध्ये त्यातून सुटले.

घरे मात्र कुटुंबांनी सोडलेली नाहीत. उन्हाळा तापला की नव्या घरांतली माणसे जुन्या मातीच्या भिंतींच्या गारव्याला येऊन बसतात.