आखूड नाकाचा इतिहास

कुत्रा हा खंडोबाचा सोबती. बीडच्या टेकडीवरील खंडोबाला जाणाऱ्या भाविकांना हे वेगळे सांगावे लागत नाही. मराठवाड्यात पूर्वी शिकारीला नेला जाणारा कारवानी कुत्रा लांब तोंडाचा आणि खोल छातीचा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकताना तोंडातील आणि नाकातील ओल वाफ होऊन जाते, तेवढाच त्याला गारवा. बीडमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा लांब नाक ही शोभा राहत नाही, गरज होते.

याच उन्हात आता पगही राहतो. त्याची कवटी आखूड झाली, पण आतील मांस त्या प्रमाणात घटले नाही. मऊ टाळू घशात लोंबतो, नाकपुड्या चिंचोळ्या असतात, कधी श्वासनलिकाही अरुंद असते. त्याचे घोरणे घरात कौतुकाचा विषय होते. पशुवैद्यकाला त्यात अडलेला श्वास ऐकू येतो. हा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. कुत्र्यांच्या चेहऱ्याच्या लांबीशी ‘एसएमओसी२’ या जनुकाचा संबंध असल्याचे 2017 मध्ये संशोधकांनी दाखवले.

पण हे जनुक निवडून वाढवले कोणी? मला हा प्रश्न वैद्यकापेक्षा इतिहासाचा वाटतो. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने 1745 मध्ये स्वतःसोबत आपला पग रंगवला. त्या कुत्र्याचे नाक आजच्या पगापेक्षा स्पष्टपणे लांब आहे. पुढे 1859 मध्ये न्यूकॅसलला श्वानप्रदर्शन भरले आणि 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. प्रत्येक जातीचे रूप कागदावर ठरू लागले, त्या रूपाला बक्षिसे मिळू लागली. चपटा चेहरा हीच पगाची ओळख ठरली. बाळासारखे गोल तोंड आणि मोठे डोळे माणसाला लोभवतात. त्या लोभाची किंमत कुत्र्याच्या श्वासातून वसूल झाली.

आपल्याकडे पग घरोघरी ओळखीचा झाला तो 2003 मध्ये, हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे. लहान मुलामागे चालणारा तो कुत्रा लोकांच्या तोंडी ‘हचचा कुत्रा’च झाला. 2016 मध्ये केंद्र सरकारने व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर बंदी घातली. पण वंशात उतरलेला दोष बंदरावर अडवता येत नाही. तो इथल्याच पैदाशीतून पुढे जातो. नेदरलँड्सने 2019 पासून पैदास करणाऱ्यांनाच निकष लावले: नाकाची लांबी डोक्याच्या साधारण तृतीयांशाहून कमी असेल, तर त्या कुत्र्याची वीण करायची नाही. उपाय नेमक्या जागी आहे, कारण रोगाची सुरुवातही माणसाच्या निवडीतच झाली होती.

कारवानीचे नाक ऊन आणि शिकार यांनी घडवले, पगाचे आपल्या हौसेने. पिल्लू घेताना आपण रूप निवडतो, आणि त्यासोबत पुढच्या पिढीचा श्वासही.