बऱ्हाणपूरची रात्र : बाटली आणि लंगर

बऱ्हाणपूरला येणारा पाहुणा दोनच गोष्टी विचारतो. मावा जिलबी कुठली चांगली, आणि मुमताजची पहिली कबर कुठे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण सिंधीपुऱ्यातून निघून संध्याकाळी तापीकाठी गेलं, की तिसरा प्रश्न पडायला हवा : या गावाच्या रात्री कशा होत्या, आणि त्यांत जेवत कोण होतं?

सिंधीपुरा हे नाव सिंधमधून आलेल्या लोकांचं. शेख ईसा जुंदुल्ला यांचं सूफी घराणंही तिकडचंच. वस्ती विणकरांची, साधकांची, कष्टकऱ्यांची. नदीकाठी मात्र शाही किल्ला, त्यात रंगवलेल्या छताचा हमाम, आणि पलीकडच्या तीरावर जैनाबादचा आहूखाना, म्हणजे हरणांची बाग. मोगलांची दख्खनची मोहीम इथूनच चाले, त्यामुळे शहजादे इथे वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून असत.

आणि पीत असत. अकबराचा मुलगा दानियाल याच्यावर सासरे अब्दुर्रहीम खानखानान यांनी पहारा बसवला, तर नोकरांनी बंदुकीच्या नळीतून दारू आत नेली. १६०५ मध्ये तो इथेच वारला. जहांगीरनेच हा किस्सा आपल्या आठवणींत लिहून ठेवलाय. पुढे १६१५ मध्ये इंग्रज वकील टॉमस रो आला. त्याने शहजादा परवेजला बाटल्यांची पेटी नजर केली. खासगी भेट ठरली होती, पण शहजाद्याला ती पेटी इतकी चढली की भेट राहूनच गेली! परवेजही १६२६ मध्ये बऱ्हाणपुरातच गेला.

मी पेशाने इंजिनिअर. त्यामुळे मला त्या बाटल्यांपेक्षा त्याच खानखानानांच्या काळातला कुंडी भंडारा मोठा वाटतो. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालून, उतार साधून, शंभरावर कुंड्यांच्या ओळीने शहराकडे आणलंय. पंप नाही, काही नाही.

पण खरा हिशेब १६३०-३२ चा. गुजरात-दख्खनमध्ये भीषण दुष्काळ, आणि शाहजहान फौजेसह इथे. पीटर मंडी सुरतेहून बऱ्हाणपूरला आला तेव्हा वाटेत त्याला प्रेतं दिसत होती. बादशहाने लंगर उघडले. शिवाय दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, वीस सोमवार, म्हणजे एक लाख. दरबारी इतिहासकार हे अभिमानाने लिहितो. तो आकडा खोटा नाही. मात्र त्याच वेळी माळव्याचं धान्य बंजाऱ्यांच्या तांड्यांतून या छावणीकडे वळत होतं, आणि गुजरात वाट पाहत होता. म्हणजे एका हाताने लंगर, दुसऱ्या हाताने धान्याची ओढ. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

१७ जून १६३१ रोजी मुमताज इथेच गेली. सहाएक महिने ती जैनाबादच्या बागेत होती, मग आग्र्याला नेली. तिच्या मागे ताजमहाल उभा राहिला. दुष्काळात वाटेवर पडलेल्यांसाठी तापीकाठी एक दगडही नाही.

म्हणून पाहुण्यांना माझं सांगणं असतं : आहूखाना उजेडातच बघून घ्या, मग रात्री गावात जिलबी जरूर खा. पण किल्ल्याखालच्या पाण्याकडे बघताना मुमताजबरोबर त्या वीस सोमवारच्या रांगांचीही आठवण ठेवा. त्या रांगाही बऱ्हाणपूरचाच इतिहास आहेत.