'गोवा ट्रान्स' : एका भूमिगत संगीताचा आणि त्याच्या नावाचा इतिहास

संगीताच्या प्रकारांस गावांची नावे पडणे ही गोष्ट आपणांस नवी नाही. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर ही नावे उच्चारताच ज्या गावी किंवा ज्या दरबाराच्या आश्रयाने ती गायकी रुजली, त्यांचे स्मरण होते. गावाचे नाव हे तेथे नुसते ओळखीचे चिन्ह नसते. गुरुशिष्यांच्या साखळीचे ते पहिले टोक असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र आमच्या गोव्याचे नाव धारण करून एक संगीत जगभर गेले, आणि त्या संगीताचा गोव्यातील गायक-वादकांच्या कोणत्याही परंपरेशी संबंध नव्हता. या संगीताचे नाव 'गोवा ट्रान्स'.

आमच्या सुशिक्षित वर्गात या विषयाची चर्चा झालीच तर ती बहुधा दोन अंगांनी होते : अमली पदार्थ आणि रात्रीचा गोंगाट. ही दोन्ही अंगे खरी आहेत व ती झाकून ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या संगीताने बार्देशातील एका गावाचे नाव दूरदूरच्या देशांत पोहोचविले, ते कसे घडले, आडोशातून बाजारपेठेत कसे आले आणि या प्रवासात कोणास काय मिळाले, याचा विचार इतिहासाच्या शिस्तीने होणे अगत्याचे आहे.

प्रथम 'भूमिगत' या शब्दाविषयी. गोमंतकीय वाचकास हा शब्द मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांची आठवण करून देईल. येथे तो वेगळ्या अर्थाने घ्यावयाचा आहे. जे संगीत ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांत मिळत नाही, नभोवाणीवर लागत नाही, ज्याची जाहिरात होत नाही आणि जे माहीतगारांच्या मंडळात हातोहात फिरते, ते भूमिगत संगीत होय.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्याची दारे उरलेल्या भारतास व जगासही उघडली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडील तरुण तुर्कस्तान, इराण व अफगाणिस्तान यांतून खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात येऊ लागले. हिवाळ्यात त्यांतील पुष्कळांचा मुक्काम गोव्याच्या किनाऱ्यावर पडे. प्रारंभी कोलवा, नंतर कळंगुट, बागा आणि अखेर हणजूण असा त्यांचा ओघ सरकत गेला. 'एट फिंगर एडी' या नावाने ओळखले जाणारे आर्मेनियन वंशाचे अमेरिकन गृहस्थ हे या पहिल्या पिढीतील प्रमुख होत. हणजूणचा बुधवारचा बाजार सुरू करणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. २०१० साली त्यांचे गोव्यातच निधन झाले. नाताळात आणि पौर्णिमेच्या रात्री किनाऱ्यावर मेळावे भरत. त्यांतील संगीत सत्तरीच्या दशकात मुख्यतः गिटारचे, म्हणजे त्या काळच्या रॉक पद्धतीचे होते. १९७९ साली इराणातील क्रांती व अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांमुळे खुष्कीचा मार्ग बंद झाला. तथापि विमानाने येणाऱ्यांचा ओघ चालूच राहिला.

याच सुमारास संगीतात पालट झाला. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लॉराँ आणि फ्रेड डिस्को या फ्रेंच तबकडीवाल्यांनी, म्हणजे जगात ज्यांस 'डीजे' म्हणतात अशांनी, गिटारच्या गीतांऐवजी युरोपातील नवे यंत्रसंगीत वाजविण्यास आरंभ केला. जर्मनी व बेल्जियम येथील इलेक्ट्रॉनिक रचना ते कॅसेटवर घेऊन येत, त्यांतील गायनाचा भाग काढून टाकीत आणि केवळ लयीचे तुकडे लांबवीत. शब्द वगळण्यामागे एक सरळ कारण होते. नाचणाऱ्या समुदायात अनेक देशांचे लोक होते. रात्रभर चालणाऱ्या नृत्यास एका भाषेतील गीताचा अर्थ अडथळाच ठरे.

या संगीताच्या घडणीत एका जपानी यंत्राचा वाटा मोठा आहे. रोलँड कंपनीने टीबी-३०३ हे छोटे वाद्य एकट्या गिटारवादकास साथीचा खर्ज मिळावा म्हणून काढले. खऱ्या वाद्याची नक्कल त्यास साधली नाही, खपही झाला नाही आणि १९८४ साली त्याचे उत्पादन बंद पडले. ही यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. शिकागोतील तरुणांनी त्याच्या कळा फिरवून स्वर वाजत असतानाच त्याचा पोत बदलण्याची युक्ती शोधून काढली. १९८७ साली 'फ्यूचर' या त्रयीची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली आणि तो किरकिरता, वळवळणारा आवाज युरोपभर गेला. गोव्याच्या किनाऱ्यावरील संगीताने तो उचलला व आपलासा केला.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी याच यंत्राच्या साहाय्याने १९८२ साली दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली होती. शिकागोच्या तबकडीच्या पाच वर्षे आधीची ही रचना ऐकताना तिचे त्या संगीताशी असलेले साम्य पाहून आश्चर्य वाटते. परंतु त्या वेळी ती फारशी कोणी घेतली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जगाने तिची दखल घेतली. तिच्यापासून शिकागोपर्यंत किंवा हणजूणपर्यंत कोणताही धागा गेलेला नाही. शोध लागणे ही एक गोष्ट आणि परंपरा निर्माण होणे ही दुसरी. शोधास शिष्य मिळाले नाहीत तर त्याचे घराणे होत नाही.

मग हणजूणला परंपरा कशी निर्माण झाली? आमच्या मते यास तेथील परिस्थिती कारण झाली. युरोप-अमेरिकेतील वादक तबकड्यांवर काम करीत. गोव्याच्या उन्हात तबकड्या वाकत, धुळीने खराब होत आणि प्रवासात त्यांचे ओझेही फार. म्हणून येथे फितींचा उपयोग रूढ झाला. १९८७ साली 'डॅट' नावाची अंकीय ध्वनिफीत बाजारात आली आणि ती येथील वादकांनी स्वीकारली. या फितीचा एक गुण असा की, प्रतीची प्रत केली तरी आवाज बिघडत नसे. दोष असा की, त्या काळच्या बहुतेक डॅट यंत्रांवर गती कमीजास्त करण्याची सोय नव्हती. तबकडीवर एका रचनेची लय दुसरीच्या लयीशी जुळवून दोन्ही एकमेकींत मिसळता येतात. येथे ते शक्य नव्हते. परिणामी रचनाकार प्रत्येक रचनेच्या आरंभी व शेवटी ताल नसलेला, केवळ स्वरांचा पट्टा ठेवू लागले, म्हणजे एक रचना विरत असता दुसरी हळूच उगवावी. गोवा ट्रान्सच्या आरंभीच्या संथ प्रस्तावनेस कोणी आलापाचे अनुकरण मानतात. वस्तुतः तिचे मोठे कारण यंत्राच्या उणिवेत आहे.

रचनेचा साचा थोडक्यात असा. मिनिटास सामान्यतः १३५ ते १५० ठोके, चार समान ठोक्यांचे अखंड आवर्तन, त्याखाली धावणारा खर्ज, वर एकावर एक चढत जाणारे बारीक स्वरबंध, आणि सात ते दहा मिनिटांची लांबी. अनेक रचनांत कोमल ऋषभ व शुद्ध गांधार एकत्र येतात. आमच्या कानास ती भैरवाच्या अंगाची स्वरपंक्ती वाटते. पाश्चात्त्य श्रोत्यास ती 'पौर्वात्य' वाटते. तथापि स्वरपंक्ती म्हणजे राग नव्हे, हे संगीताच्या शिक्षकांस सांगावयास नको.

या काळी मेळाव्यास तिकीट नसे, भित्तिपत्रक नसे. शापोरा, वागातोर व हणजूण यांच्या दरम्यानच्या डोंगरउतारांवर आणि झाडीत जागा ठरे व बातमी तोंडोतोंडी पसरे. नव्या रचनांच्या फिती वादक एकमेकांस देत. लंडनला, हँबर्गला किंवा टोकियोला हिवाळ्यापूर्वी केलेली रचना प्रथम येथे वाजे आणि तिची परीक्षा येथल्या पहाटेस होई. 'गोवा गिल' या नावाने प्रसिद्ध झालेले गिल्बर्ट लेव्ही हे या मेळाव्यांचे सर्वांत ख्यातनाम सूत्रधार. १९५१ साली कॅलिफोर्नियात जन्मलेले हे गृहस्थ १९७० च्या सुमारास येथे आले आणि पुढे जुना आखाड्याची दीक्षा घेऊन साधू झाले. त्यांचे वादन कित्येकदा चोवीस तास चाले. २०२३ साली ते निवर्तले.

आणि गावकरी? नृत्याच्या मैदानाभोवती गावातील बाया चटया अंथरून, रॉकेलचे दिवे व स्टोव्ह मांडून रात्रभर चहा व खाण्याचे जिन्नस विकीत. घरांच्या खोल्या भाड्याने जात. ज्या घरांत पूर्वी मासळी, नारळ आणि परदेशी गेलेल्या मुलाची मनिऑर्डर एवढाच आधार होता, त्यांस या हंगामाने नवे उत्पन्न दिले. दुसऱ्या बाजूस अमली पदार्थांचा व्यापार वाढला; १९८५ च्या कायद्याने त्यास कडक शिक्षा सांगितल्या, तरी तो थांबला नाही. झोपमोड, भीती आणि मुलाबाळांची काळजी हा गावकऱ्यांच्या अनुभवाचा दुसरा भाग होता. इतिहासकाराने या दोहोंतील एकच निवडणे योग्य होणार नाही.

बाजारपेठेत प्रवेश झाला तो लंडनमार्गे. मार्टिन ग्लोव्हर ऊर्फ 'यूथ' यांची ड्रॅगनफ्लाय ही संस्था १९९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत हे संगीत तबकड्यांवर आणू लागली. १९९४ साली राजा राम हे नाव घेतलेल्या ऑस्ट्रेलियन बासरीवादकाने सहकाऱ्यांसह 'टिप' ही दुसरी संस्था काढली. १८ डिसेंबर १९९४ रोजी बीबीसीच्या रेडिओ वनवर पॉल ओकनफोल्ड यांनी दोन तासांचे 'गोवा मिक्स' सादर केले. त्यात किनाऱ्यावरील रचनांबरोबर चित्रपटांचे पार्श्वसंगीतही गुंफले होते. ज्या संगीतासाठी डोंगर उतरून जावे लागे, ते आता बिछान्यात पडल्यापडल्या ऐकता येऊ लागले. १९९५ साली सायमन पॉसफर्ड यांची 'ट्विस्टेड' ही ध्वनिमुद्रिका निघाली. इस्राएलात 'ॲस्ट्रल प्रोजेक्शन'सारखी मंडळी प्रसिद्धीस आली. 'गोवा' हा शब्द आता तबकडीच्या वेष्टनावरील विक्रीचे चिन्ह झाला.

प्रसिद्धीने संगीताचे रूपही बदलले. क्लबात लय जुळविण्याची सोय असल्याने संथ प्रस्तावनांची गरज उरली नाही. एकाच साच्याच्या रचनांचा पूर आला आणि दशक संपण्यापूर्वीच मोठ्या बाजारपेठेने पाठ फिरविली. परंतु संगीत मेले नाही. 'सायट्रान्स' या नावाने ते पुन्हा आपल्या मंडळात गेले व तेथे फोफावले. याची एक शाखा आम्हांस विशेष विचार करावयास लावते. हणजूणच्या मेळाव्यांपासून स्फूर्ती घेऊन १९९७ साली 'बूम' हा महोत्सव सुरू झाला, तो पोर्तुगालात. ज्या देशाने साडेचारशे वर्षे गोव्यावर राज्य केले, त्याच्याच इदान्या-आ-नोव्हा परिसरात आज गोव्याहून गेलेल्या नृत्यासाठी हजारो लोक जमतात.

इकडे गोव्यात काय झाले? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिक्षेपकास मनाई केली आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीवर भर दिला. वर्षातील ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंतची सवलत तेवढी राहिली. जे संगीत पहाटेसाठी रचलेले, त्यास दहाचा ठोका हा मृत्युघंटेसारखा होता. डिसेंबर २००७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर 'सनबर्न' महोत्सव सुरू झाला. त्यात तिकीट, प्रायोजक व मोठी रंगमंचव्यवस्था होती आणि संगीत बहुतांशी निराळ्या, अधिक लोकप्रिय वळणाचे होते. २०१६ साली तो पुण्याकडे गेला व पुढे पुन्हा गोव्यात परतला. जुन्या मेळाव्यात भारतीय तरुण बहुधा काठावर असे. या महोत्सवाचा तो मुख्य ग्राहक झाला.

काठावर असण्याची ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. भूगोलाचे अभ्यासक अरुण सल्दान्हा यांनी हणजूणवरील आपल्या २००७ सालच्या इंग्रजी ग्रंथात असे दाखवून दिले आहे की, सर्वांस खुल्या म्हटलेल्या या नृत्यभूमीवर पहाट होता होता गोरे लोक एकत्र जमत आणि इतर बाजूस पडत. दार उघडे होते, पण आत सामावून घेण्याची रीत नव्हती.

येथे आम्हांस सूरश्री केसरबाई केरकरांची आठवण होते. फोंड्याजवळच्या केरी गावच्या या गायिकेने अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतली. कलावंत समाजातील ज्या स्त्रियांच्या गाण्यास प्रतिष्ठित घरे एके काळी दारात उभे करीत नसत, त्यांचे गाणे मुंबई-पुण्याच्या सभागृहांत मानाने बसले. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. तेही बहिष्कृतांच्या संगीताचे मुख्य प्रवाहात येणेच होते. मात्र त्या गायकीचे नाव जयपूर. गोव्याचे नाव तिच्यावर नाही. गोव्याच्या मातीतील माणसांनी गाइलेले संगीत दुसऱ्या गावाच्या नावाने गेले आणि दुसऱ्यांनी रचलेले संगीत गोव्याच्या नावाने गेले. तरीही पहिल्या बाबतीत कोणाचा तोटा झाला नाही, कारण जयपूर घराण्याचा इतिहास सांगताना केसरबाईंचे व मोगूबाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. परंपरेने माणसांची आठवण ठेविली. दुसऱ्या बाबतीत नाव राहिले आणि गावातील माणसे गळाली.

ही उणीव भरून काढणे अद्याप शक्य आहे. परदेशी वादकांच्या मुलाखती व चरित्रे विपुल आहेत. चटईवर रात्र काढणाऱ्या चहावालीचे, खोली भाड्याने देणाऱ्या घरमालकाचे, गोंगाटाविरुद्ध अर्ज करणाऱ्या वृद्धाचे आणि मेळाव्यात पहिल्यांदा शिरलेल्या स्थानिक तरुणाचे कथन त्या मानाने फारच थोडे नोंदले गेले आहे. या माणसांची पिढी आता उतारवयाकडे झुकली आहे. बार्देशातील शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांकरवी ही कथने कोकणीत वा मराठीत, सांगणाऱ्याच्या भाषेत, टिपून घेतली तर जगाने उचललेल्या आमच्या नावामागे आमची माणसेही उभी राहतील. हे काम लंडनहून किंवा लिस्बनहून होणारे नाही. ते हणजूणच्या घरांच्या सोप्यांवर बसूनच करावे लागेल.