निःशस्त्र मेंदी

आपल्या महालातील बुधवार बाजारात एखाद्या भाजीवालीला विचारून पाहा. माठ कोणता आणि काटेमाठ कोणता, हे ती देठाला बोट लावून सांगेल. लिनिअस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली आपल्या ग्रंथात याच काटेमाठाला ‘अमरँथस स्पायनोसस’, म्हणजे काटेरी माठ, असे नाव दिले. पंडिताने आणि बाजाराने एकच खूण धरली.

काट्यावरून नाव ठेवण्याची चाल आपल्याकडेही जुनीच. अमरकोशात गोखरूला ‘श्वदंष्ट्रा’ म्हटले आहे, म्हणजे कुत्र्याची दाढ. अनवाणी चालणाऱ्यालाच सुचावे असे हे नाव! मात्र मराठीत टोचेल तो काटा. शास्त्राला तेवढ्याने भागत नाही. लिंबाचा काटा हे फांदीचे रूपांतर. बोरी-बाभळीचा काटा पानाच्या बुडाशी असणाऱ्या उपपर्णांचा. म्हणून तो जोडीने येतो, आणि बोरीला तर बहुधा एक सरळ, एक वाकडा. गुलाबाचा काटा केवळ सालीचा. अंगठ्याने रेटला की निखळतो. अशा भेदांना शब्द हवेत म्हणून स्वातंत्र्यानंतर डॉ. रघुवीर यांनी आपल्या याच नागपुरात बसून संस्कृत धातूंवरून शास्त्रीय परिभाषा घडविली. उद्योग अफाट होता. पण ते शब्द आमच्या वस्तीपर्यंत काही पोचले नाहीत.

खरी गंमत मेंदीची. लिनिअसने तिच्या दोन जाती मानल्या: ‘लॉसोनिया इनर्मिस’ आणि ‘लॉसोनिया स्पायनोसा’. इनर्मिस म्हणजे निःशस्त्र. पुढे ध्यानात आले की झाड एकच आहे. कोवळेपणी बिनकाट्याचे, आणि जून झाले की आखूड फांद्यांची टोके कठीण होऊन काटे बनतात. नाव मात्र निःशस्त्र हेच कायम झाले.

आम्हांला हे ग्रंथातून कळण्यापूर्वीच कळले होते. एका संपात आम्ही मालकाच्या बंगल्याबाहेर मेंदीच्या जुन्या कुंपणाला टेकून बसलो आणि सदरा फाटला. कुंपण छाटणारा माळी हसून म्हणाला, “भाऊ, मेंदी जुनी झाली का टोचते.” त्याचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले होते. पुष्कळ वर्षांनी वाचनालयात लिनिअसची ती दोन नावे सापडली, तेव्हा त्याला सांगावे म्हणून मुद्दाम गेलो. कुंपणाच्या जागी विटांची भिंत उभी होती.