गिर्ये-मुणग्याचे न उभारलेले वीजकेंद्र

देवगड तालुक्यात विजयदुर्गाशेजारच्या गिर्ये गावी ४,००० मेगावॅटचे वीजकेंद्र उभारण्याची योजना केंद्र सरकारच्या महाऊर्जा प्रकल्पांपैकी एक होती. त्यासाठी २००६ मध्ये पॉवर फायनान्स कॉर्पोरेशनने कोस्टल महाराष्ट्र मेगा पॉवर ही कंपनीही स्थापली. नवापूरपलीकडचे, गुजरातमधील उकाईचे औष्णिक केंद्र रेल्वेने येणाऱ्या कोळशावर चालते; इथे मात्र आयात कोळसा समुद्रमार्गे येणार होता, म्हणून किनाऱ्याची निवड. नेमके तेच नडले. राखेने हापूसचा मोहोर जाईल, गरम पाण्याने मासळी हटेल, अशी बागायतदारांची व मच्छीमारांची धास्ती होती आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. पुढे मुणगे गावाचा पर्याय निघाला, तिथेही विरोध झाला.

कोळशाच्या प्रदूषणावर उपायही शोधला जात होता. २००६ मध्येच भारत अमेरिकेच्या 'फ्यूचरजेन' प्रकल्पात सामील झाला आणि १ कोटी डॉलर देण्याचे त्याने कबूल केले. कोळशाचा वायू करून २७५ मेगावॅट वीज काढायची आणि कार्बन डायऑक्साइड खोल खडकांत कोंडायचा, अशी ती योजना होती. डिसेंबर २००७ मध्ये इलिनॉयमधील मॅटून ही जागा ठरली. खर्च फुगल्याने जानेवारी २००८ मध्ये अमेरिकी सरकारने हात काढून घेतला. सुधारित योजनाही २०१५ मध्ये गुंडाळली गेली. देवगडचा प्रकल्पही कागदावरच राहिला.